टार्गेट पॅनिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि वसई-विरार पट्ट्यातले तिरंदाज, तसेच त्यांचे पालक, जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. त्रासाला नुकतीच सुरुवात झाली असेल, तर पहिले पाच प्रश्न क्रमाने वाचावेत.

१. टार्गेट पॅनिक म्हणजे नेमके काय?

धनुष्य पूर्ण खेचलेले असताना पिन (साइटमधला, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरण्याच्या साधनातला ठिपका) पिवळ्यावर, म्हणजे लक्ष्याच्या मधल्या भागावर आला, किंवा येऊ लागला, की बाण कधी सोडायचा हा निर्णय तिरंदाजाच्या ताब्यात राहत नाही, या अवस्थेला टार्गेट पॅनिक म्हणतात. हात आपोआप बाण सोडतो, किंवा काही केल्या सोडत नाही, किंवा पिनला पिवळ्यापर्यंत जाऊच देत नाही. तंत्र विसरलेले नसते; हाच तिरंदाज तीन मीटरवरून कोऱ्या बट्रेसवर (लक्ष्याचा कागद ज्यावर लावतात त्या, बाण अडवणाऱ्या जाड ठोकळ्यावर) डोळे मिटून अगदी सुरेख बाण सोडतो. अगदी नवशिक्याला हा त्रास सहसा होत नाही. ज्याला नेम धरता येऊ लागला आहे आणि गुणांची ओढ लागली आहे, त्यालाच तो बहुधा गाठतो. गोल्फ आणि डार्ट्स खेळणाऱ्यांनाही याच जातीचा त्रास होतो.

२. माझा पिन पिवळ्याच्या खाली अडकतो आणि माझ्या मैत्रिणीचा बाण पिन पोहोचण्याआधीच सुटतो. आम्हा दोघींना एकच त्रास आहे का?

होय, मूळ एकच आहे, रूपे वेगळी आहेत. काहींचा पिन लाल किंवा निळ्या वर्तुळात थिजतो आणि वर सरकत नाही. काही जण अँकरला (खेचणारा हात चेहऱ्याशी टेकवण्याच्या ठरलेल्या जागेला) पोहोचण्यापूर्वीच बाण सोडून मोकळे होतात. काहींच्या बाबतीत पिन पिवळ्याला शिवताच धनुष्याचा हात खाली किंवा डावीकडे झटका देतो. काहींना नेम व्यवस्थित धरता येतो, पण बोटे सैल होत नाहीत आणि शेवटी थकून धनुष्य उतरवावे लागते. एकाच व्यक्तीत ही रूपे बदलतही राहतात; घाईने सोडण्याची सवय बळजबरीने दाबली, तर काही आठवड्यांनी थिजणे सुरू झालेले दिसते. म्हणून एखादे रूप तेवढे दडपण्यापेक्षा मुळाशी जाणे बरे, आणि त्याची पद्धत सर्वांसाठी बरीचशी सारखी आहे (प्रश्न ५).

३. प्रशिक्षक सांगतात, "मन खंबीर कर." माझे मन खरोखरच दुबळे आहे का?

नाही. टार्गेट पॅनिक ही बहुतेक वेळा शिकलेली सवय असते, आणि ती शिकण्यात सरावाचाच हात असतो. पिन पिवळ्यावर दिसला की सोड, असे हजारो वेळा केल्यावर पिवळा दिसणे आणि बोटे सैल होणे यांची गाठ बसते. पुढे नुसते पिवळे दिसण्याच्या अपेक्षेनेही हात काम उरकून टाकतो. त्यात चुकलेल्या बाणाची भीती मिसळली की गाठ आणखी घट्ट होते, कारण बाण सुटताच मिळणारी क्षणभराची सुटका ही त्या घाईला मिळालेली शाबासकीच ठरते.

दुसरे कारण म्हणजे पिन स्थिर राहिलाच पाहिजे ही चुकीची अपेक्षा. सत्तर मीटरवरच्या १२२ सेंटिमीटरच्या फेसवर (लक्ष्याच्या कागदावर) दहाच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर असतो. पिन डोळ्यापासून साधारण ८५ ते ९० सेंटिमीटरवर धरला, तर तिथे तो जेमतेम दीड मिलिमीटर हलला तरी दहाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो. श्वास, नाडीचे ठोके आणि ताणलेले स्नायू यांच्यामुळे जिवंत माणसाचा हात एवढा तर हलणारच. जो या तरंगण्याला मान्यता देतो त्याचा बाण आत जातो. जो पिन मध्यावर येण्याचा एक क्षण पकडून बाण सोडू पाहतो, तो स्वतःलाच घाई शिकवत असतो.

याच कारणाने सरावात मागून "सोड, सोड!" असे ओरडणे थांबवावे, अशी प्रशिक्षकांना कळकळीची विनंती आहे. त्या हाकेने एक बाण कदाचित वाचतो, पण गाठ पक्की होते.

४. हे टार्गेट पॅनिक आहे की स्पर्धेची धास्ती, की माझे धनुष्यच जड आहे? कसे ओळखावे?

नेहमीच्या अंतरावर उभे राहून आधी फेस काढलेल्या बट्रेसवर काही बाण सोडावेत आणि मग लगेच फेस लावून तेवढेच बाण सोडावेत. कोऱ्या बट्रेसवर हालचाल मोकळी असेल आणि फेस लागताच अडखळत असेल, तर ते टार्गेट पॅनिक समजावे. स्पर्धेच्या धास्तीत छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, पण क्लबच्या मैदानावर, फेस असतानाही, बाण मोकळेपणाने सुटतो.

धनुष्य जड, म्हणजे खेचायला कठीण, आहे का हे पाहण्यासाठी अँकरला येऊन, बाण न सोडता, दहा-पंधरा सेकंद थांबावे. खांदा वर चढत असेल किंवा बाणाचे टोक पुढे घसरत असेल, तर वजन आधी कमी करावे, कारण पेलत नसलेल्या धनुष्याने घाई करायला शरीर स्वतःहूनच शिकते. लिंब बोल्ट (धनुष्याच्या लवचीक भुजा, म्हणजे लिंब, बसवणारे स्क्रू) उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत सैल करून थोडे पाउंड उतरतात. त्याने भागत नसेल तर हलके लिंब मागून आणावेत. वजन बदलल्यावर साइटच्या खुणा बदलतात, हे ध्यानात ठेवावे.

५. यातून बाहेर पडण्याची सुरुवात कुठून करायची?

गुणांची वही बंद करण्यापासून. हे किरकोळ वाटेल, पण सराव सुरू असताना गुण मोजले, तर उरलेले सगळे उपाय वाया जातात. त्यानंतरचे काम एवढेच आहे की नेम धरणे आणि बाण सोडणे या दोन कृती एकमेकींपासून सोडवायच्या, वेगवेगळ्या पक्क्या करायच्या आणि मग सावकाश पुन्हा जोडायच्या.

पहिला टप्पा कोऱ्या बट्रेसचा. तीन ते पाच मीटरवर, बट्रेस खांद्याच्या उंचीला येईल असे उभे राहावे, साइट काढून ठेवावा आणि फेस लावू नये. डोळे उघडे ठेवून अँकरला यावे, बाण बट्रेसकडेच आहे याची खात्री करावी आणि मग डोळे मिटावेत. आता लक्ष पाठीकडे द्यावे: खेचणाऱ्या हाताचा खांद्यामागचा फरा मणक्याकडे सरकत राहतो आहे का, जबड्याखालचा हात जागेवर आहे का, बाण सुटल्यावर तोच हात कानामागे सहज जातो आहे का. बाण कुठे लागला हे पाहू नये. बाण सुटण्याचा क्षण खेचण्याच्या ओघात आपोआप येऊ लागेपर्यंत या टप्प्यावर राहावे. बहुतेक जण येथे फार लवकर कंटाळतात आणि दोन दिवसांत सत्तर मीटरवर परततात. उपाय लागू पडला नाही अशी तक्रार सर्वाधिक त्यांचीच असते.

दुसरा टप्पा याच्या उलट असतो. ज्या अंतरावर त्रास होतो तिथे फेस लावून, साइट चढवून उभे राहावे, पिन पिवळ्यावर आणावा, त्याला तिथे तरंगू द्यावे, मनात पाचपर्यंत मोजावे आणि धनुष्य उतरवावे. बाण सोडायचा नाही. पिवळा दिसला तरी काहीही करायचे नसते, हे हाताला येथे कळते. सुरुवातीला पिन पिवळ्यापर्यंत जाणारच नाही. मग जिथे थिजतो त्याच्या किंचित पुढे नेऊन उतरवावे आणि पुढच्या वेळी आणखी थोडे. ही मेहनत स्नायूंना भारी असते, म्हणून सहा-आठ वेळा केल्यावर पूर्ण विश्रांती घ्यावी. पहिला आणि दुसरा टप्पा एकाच दिवशी केले तरी चालते, फक्त एकात दुसरा मिसळू नये.

तिसऱ्या टप्प्यात दोन्ही कृती जोडायच्या. पाच मीटरवर मोठा फेस लावावा आणि धनुष्य उचलण्यापूर्वीच ठरवावे की हा बाण सोडायचा आहे की उतरवायचा. खेचल्यावर मत बदलायचे नाही. सोबत कोणी असेल तर त्याने मागे उभे राहून, नेम धरून झाल्यावर, "हो" किंवा "नाही" म्हणावे. "नाही" ऐकूनही बाण सुटत असेल तर गाठ अजून सुटलेली नाही, दुसऱ्या टप्प्यावर परत जावे.

यानंतर अंतर वाढवावे: पाच, दहा, अठरा, तीस, पन्नास आणि सत्तर मीटर. एका अंतरावर दहांपैकी दोन बाणही घाईने सुटले किंवा अडकले, तर त्याच दिवशी एक पायरी मागे यावे. मागे येण्यात कमीपणा वाटतो तेवढ्याने अनेकांची महिन्याची मेहनत वाया जाते.

६. किती दिवस लागतील?

काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. त्रास जितका जुना आणि गुणांची घाई जितकी मोठी, तितका काळ जास्त. नियमित केलेला छोटा सराव रविवारच्या एका दीर्घ सरावापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

७. मुंबईत रोज मैदान मिळत नाही आणि पावसाळ्यात तर सराव बंदच पडतो. घरी काय करता येईल?

सुदैवाने या उपायाचा मोठा भाग सत्तर मीटर मागत नाही, आणि ज्या शहरात एवढी मोकळी जागा मिळवणेच कठीण, तिथे ही फार मोठी सोय आहे. जून ते सप्टेंबर हा काळ पहिल्या दोन टप्प्यांसाठी उत्तम समजावा, कारण तेव्हा स्पर्धेचा मोहही कमी असतो.

घरात बाण सोडू नये, हे आधी सांगितले पाहिजे. चाळीची गॅलरी, इमारतीची गच्ची, जिना, पार्किंग, यांपैकी कोणतीही जागा सुरक्षित नाही; एक उसळलेला बाण माणसाचा जीव घेऊ शकतो. बाण न लावता दोरी सोडणेही टाळावे, कारण त्याने लिंब तुटतात.

घरी करण्यासारखा सर्वोत्तम सराव नेम धरण्याचा आहे. सत्तर मीटरवरचा पिवळा भाग, म्हणजे २४.४ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ, तीन मीटरवरून एक सेंटिमीटरच्या ठिपक्याएवढे दिसते. पन्नास मीटरवरच्या कंपाउंडच्या (टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या) ८० सेंटिमीटरच्या फेसचा पिवळाही जवळपास तेवढाच. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी पिवळी गोल टिकली समोरच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला चिकटवावी, तीन मीटरवर उभे राहावे आणि रिकामे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले, चाके नसलेले धनुष्य) खेचून दुसऱ्या टप्प्याचा सराव करावा, दोरी न सोडता. ज्यांचा हात आपोआप सुटतो त्यांनी धनुष्य घेऊच नये. डाव्या मुठीत व्यायामाचा रबरी पट्टा धरून उजव्याने अँकरपर्यंत खेचावा. कंपाउंडवाल्यांनीही रिकामे धनुष्य खेचू नये. त्यांच्यासाठी दोरीचा उपाय प्रश्न ९ मध्ये आहे.

मैदानाचा दिवस असेल तेव्हा लोकलच्या गर्दीत तासभर किटची पेटी सांभाळून आल्यावर लगेच लांब अंतरावर उभे राहू नये. खांदे आधीच आखडलेले असतात. पाच मीटरवरच्या काही बाणांनी सुरुवात करावी.

८. क्लिकर वाजायला शेवटचे दोन-तीन मिलिमीटर उरतात आणि मी तिथेच थिजते. क्लिकर काढून टाकू का?

क्लिकर म्हणजे बाण पुरेसा खेचला गेला की टक् असा आवाज करणारी धनुष्यावरची पट्टी. तो काही काळ काढायला हरकत नाही, पण केवळ काढल्याने प्रश्न सुटत नाही. क्लिकरजवळ थिजण्यामागे बहुधा लक्ष पाठीवरून टोकावर सरकणे असते: बाणाचे टोक पाहत राहिले की खेच थांबते. म्हणून प्रथम प्रशिक्षकाला क्लिकरची जागा तपासायला सांगावी. चांगल्या अँकरला आल्यावर टोक क्लिकरखाली फार थोडे उरले पाहिजे. मग जवळच्या कोऱ्या बट्रेसवर, टोकाकडे न पाहता, क्लिकर वाजवावा आणि बाण न सोडता सावकाश उतरवावे. पुन्हा खेचण्यापूर्वी बाण रेस्टवर आणि क्लिकरखाली नीट बसवावा. आवाज झाला तरी सोडलेच पाहिजे असे नाही, हे हाताला पटले की आवाजाची धास्ती उतरते.

क्लिकर वाजण्याआधीच बाण सुटत असेल, तर हाच सराव आणखी जास्त करावा. आवाजानंतरही किंचित खेचत राहणे, हे दोन्ही प्रकारांत शेवटचे उद्दिष्ट असते.

९. कंपाउंडवर माझे बोट ट्रिगरवर ठोसा मारते. हिंज रिलीज घ्यावा का?

घेता येईल, पण घाईने नव्हे. रिलीज म्हणजे बोटांऐवजी दोरी धरून सोडणारे हातातले साधन. कंपाउंडमध्ये पूर्ण खेचल्यावर हातावर मूळ वजनाचा थोडाच भाग उरतो, त्यामुळे नेम धरायला वेळ भरपूर मिळतो आणि मोहही तेवढाच वाढतो: पिन मध्यावर आला की बोट दाबले जाते. हिंजला ट्रिगर नसतो. हात आणि पाठ खेचत राहिल्याने तो फिरतो आणि सुटतो, म्हणून क्षण पकडण्याची सवय तिथे आपोआप उपाशी राहते.

तरीही तो थेट धनुष्यावर लावू नये. खेचताना चुकून सुटला तर मूठ तोंडावर आदळते. आपल्या ड्रॉच्या (दोरी खेचण्याच्या) लांबीएवढा जाड दोरीचा वळसा करावा, एक टोक धनुष्याच्या हातात धरावे, दुसऱ्यात रिलीज अडकवावा आणि न दचकता सुटू लागेपर्यंत रोज तो सराव करावा. नंतर पाच मीटरवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, धनुष्य घ्यावे. नवे साधन घेणे शक्य नसेल तर हातातल्या थंब रिलीजचा ट्रिगर जड करून, अंगठा त्याच्याभोवती पूर्ण गुंडाळून, पाठीने खेचत सोडण्याचा सराव करता येतो.

एक इशारा: हिंजवरही काही जण मनगट झटकन वळवून ठोसा मारायला शिकतात. तसे होऊ लागले तर प्रश्न ५ मधला पहिला टप्पा पुन्हा करावा.

१०. रिकर्व्हवर हा त्रास आहे. कंपाउंडकडे वळलो तर सुटेल का?

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे. त्यामुळे कंपाउंडचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे आणि आवड म्हणून वळण्यात काहीच वावगे नाही. परंतु टार्गेट पॅनिकवरचा उपाय म्हणून एवढा खर्च करू नये. नवे धनुष्य हाती असताना काही काळ बरे वाटते, कारण सगळ्या खुणा अनोळखी असतात. त्या ओळखीच्या झाल्या की जुनी गाठ प्रश्न ९ मधल्या रूपात परत येते. उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने सुरुवात करण्याबाबतही हेच खरे आहे.

११. मी इंडियन राउंड खेळतो. साइट नाही, क्लिकर नाही, मग पिनचे उपाय मला कसे लागू होतील?

इंडियन राउंडच्या बांबूच्या धनुष्यावर नेम बाणाच्या टोकाने किंवा अंदाजाने धरला जातो, म्हणून गाठ टोक आणि पिवळा यांच्यात बसते. येथे बहुधा अँकरला पोहोचण्याआधी सुटण्याचेच रूप दिसते. प्रश्न ५ चे टप्पे तसेच करावेत, फक्त दुसऱ्या टप्प्यात पाचऐवजी दोन-तीनपर्यंत मोजावे. हे धनुष्य ताणून फार वेळ धरणे त्याच्यासाठीही चांगले नसते. क्लिकरचा आवाज नसल्याने स्पर्शाची एक खूण ठरवून घ्यावी, उदाहरणार्थ तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला टेकणे, आणि ती खूण झाल्याशिवाय सुटलेला बाण, दहात लागला तरी, चुकलेलाच मानावा.

१२. उपाय सुरू असताना निवड चाचणी आली. खेळू का?

शक्य असेल तर खेळू नये. वैयक्तिक सामन्यांत आलटून पालटून प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात आणि अर्धवट सुटलेली गाठ त्या दडपणाखाली पुन्हा आवळली जाते. चाचणी चुकवणे शक्यच नसेल, तर एकच ध्येय ठेवावे: मनाविरुद्ध सुटू पाहणारा प्रत्येक बाण उतरवायचा. पात्रता फेरीत सहा बाणांना मिळून एकत्र वेळ असतो, म्हणजे एक-दोनदा उतरवण्याइतका वेळ हाती असतो. गुण कमी येतील हे प्रशिक्षकाला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

१३. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. ती रडते आणि मैदानावर जायला नको म्हणते. आम्ही काय करावे?

प्रथम, "किती गुण आले?" हा प्रश्न काही महिने घरात विचारू नये. मुलांना हा त्रास समजावून सांगितला की त्यांना मोठा दिलासा मिळतो, कारण आपण मुद्दाम चुकतो असे सगळ्यांना वाटते, याचेच त्यांना सर्वाधिक दुःख असते. मैदानामागे उभे राहून प्रत्येक बाणाचे चित्रीकरण करणे थांबवावे. धनुष्याचे वजन तपासून घ्यावे (प्रश्न ४). उंची वाढत असताना ड्रॉ वाढतो आणि त्याबरोबर हातावर येणारे पाउंडही वाढतात, ही गोष्ट घरी कोणाच्या लक्षात येत नाही. तिला काही दिवस सुट्टी हवी असेल तर द्यावी.

१४. एका मित्राने हात न थरथरण्याची गोळी सुचवली आहे. घेऊ का?

घेऊ नये. अशा गोळ्या बहुधा बीटा ब्लॉकर गटातल्या असतात, उदाहरणार्थ प्रोप्रॅनोलॉल. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीनुसार धनुर्विद्येत हा गट स्पर्धेदरम्यान आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहे. दमा असलेल्यांना त्यापासून गंभीर धोका संभवतो. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी डॉक्टरांनी गोळी आधीच दिली असेल, तर ती स्वतःहून बंद करू नये; डॉक्टरांशी बोलून उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करण्याची वाट खुली असते.

१५. मी बरा झालो होतो, पण बरोबरीनंतरच्या एका बाणाच्या फेरीत सगळे परत आले. आता पुन्हा पहिल्यापासून का?

पहिल्यापासून नाही. जुनी सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवी बसते, आणि मोठ्या दडपणाखाली जुनी डोके वर काढते. लगेच दोन-तीन दिवस पहिल्या टप्प्याला द्यावेत आणि मग थेट अठरा मीटरवर यावे. बहुतेकांना तेवढे पुरते. यापुढे प्रत्येक सरावाची सुरुवात कोऱ्या बट्रेसवर करावी आणि मध्ये काही बाण नेम धरून उतरवावेत. सवय टिकून असल्याची खात्री झाल्यावरच वीस सेकंदांच्या एका बाणाचा सराव, मित्रांना पाहायला उभे करून, मुद्दाम करावा.

१६. सगळे मनापासून केले, तरी फरक नाही. धनुष्य हाती नसतानाही बोटे वळतात. हे वेगळे काही आहे का?

असू शकते. लिहिताना, कुलूप उघडताना किंवा चमचा धरतानाही बोटे आपोआप वळत असतील, पीळ पडत असेल किंवा हात कापत असेल, तर तो केवळ सवयीचा प्रश्न राहत नाही. एकच बारीक काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांना, वादकांनाही, विशिष्ट स्नायूंचा असा विकार होतो आणि त्याचे निदान मेंदूविकारतज्ज्ञच करू शकतात. मुंबईत केईएम आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मेंदूविकार विभाग आहेत. जाताना त्रास होत असतानाचे छोटे चित्रीकरण सोबत न्यावे, कारण तपासणीच्या खोलीत हात बहुधा शांत असतो. मुंग्या येणे, बधिरपणा किंवा मानेतून हातात उतरणारी कळ असेल, तर सराव थांबवून आधी तपासणी करून घ्यावी.

त्रास फक्त धनुष्यापुरता असेल, पण मैदानाच्या विचारानेही झोप लागत नसेल, तर क्रीडा मानसशास्त्रज्ञांना भेटावे. प्रश्न ५ मधला सराव त्यांच्या सल्ल्याच्या जोडीने सुरू ठेवता येतो. आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावे.